मुंडीचा मान

इथे आखातात, नॅशनल डेच्या सुट्टीआधी मुलीच्या शाळेने एक प्रोजेक्ट दिला. विषय होता घराण्यात चालत आलेलं एखादं कौशल्य. तीन स्लाइड करायच्या. पहिली आजी-आजोबांची, दुसरी आई-बाबांची, तिसरी आपली. वर्गातल्या एका मुलाकडे तीन पिढ्यांचे डॉक्टर होते, एका मुलीकडे तीन पिढ्यांचं भरतनाट्यम. घराणं म्हटलं की लोकांना इतकं काही कसं सापडतं, याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. आमच्या घराण्यात तीन पिढ्या अखंड चालत आलेली एकच गोष्ट मला माहीत आहे, ती म्हणजे ॲसिडिटी.

मुलगी बारा वर्षांची. तिने मला न विचारता 'शिकार' हा विषय घेतला. पहिल्या स्लाइडवर माझे वडील, कोकणातल्या घराच्या पडवीत मांडीवर ठासणीची बंदूक आडवी घेऊन बसलेले. दुसऱ्या स्लाइडवर मी, ऑफिसच्या आयकार्डावरच्या फोटोत, आणि खाली इंग्रजीत एक वाक्य: माझ्या बाबांनी माझ्याच वयात, पहिल्याच गोळीत हरीण मारलं. तिसरी स्लाइड कोरी.

"हरीण नव्हतं, भेकर होतं," मी म्हणालो.

"सेम फॅमिली," ती म्हणाली. "मी चेक केलं."

ती घरात इंग्रजीतच बोलते. इथे मी बऱ्याच ठिकाणी तिचं मराठी करून देतोय, त्यामुळे ती आहे त्यापेक्षा थोडी जास्त सभ्य वाटेल.

त्या वाक्यात जे चुकलं होतं ते भेकराबद्दल नव्हतं. पण मी फक्त भेकर दुरुस्त केलं आणि चहा करायला गेलो.

झालं होतं ते असं. मी बारा वर्षांचा असताना वडिलांनी मला पहिल्यांदा हाक्याला नेलं. हाका म्हणजे वाडीतली दहा-बारा माणसं डबे वाजवत रानाच्या एका अंगाने चालत येतात आणि जनावर दुसऱ्या अंगाला, बंदूकवाले दबा धरून बसलेले असतात तिथे निघतं. बंदुकांचे परवाने शेताच्या राखणीसाठी होते. त्या भेकराने कोणाचं शेत खाल्लं होतं का, याची कोणी चौकशी केली नव्हती. कायद्याने तो तेव्हाही गुन्हाच होता आणि सगळ्या वाडीला ते ठाऊक होतं. म्हणून त्याबद्दल हळू आवाजात बोलायचे. डबे मात्र जोरात वाजवायचे.

मला शेजारच्या काकांची बंदूक दिली होती. ती माझ्यापेक्षा फार आखूड नव्हती. एका दगडावर ती टेकवून मी पालथा पडलो होतो, बाजूला वडील त्यांची बंदूक घेऊन. भेकर निघालं, थांबलं, आणि त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटले आणि चाप ओढला. त्याच क्षणी वडिलांचाही बार झाला. डोळे उघडले तेव्हा माझ्या बंदुकीची नळी समोरच्या झाडाच्या शेंड्याकडे होती आणि भेकर पडलेलं होतं. खांद्यात एकच गोळी. वडील उठले आणि हाकेवाल्यांना ओरडून म्हणाले, "पोरान पाडल्यान!"

आमच्या वाडीची पद्धत अशी की शिकारीचे वाटे घरटी सारखे पडायचे. रानाच्या राखणदार देवाला नारळ, कुत्र्यांना आतडी, आणि ज्याने जनावर पाडलं त्याला मुंडी. मुंडीला मान होता. त्या दिवशी ती आमच्या घरी आली ती माझ्या नावाने. आईने तिचं सुकं केलं. पहिलं ताट मला वाढलं. मी खाल्लं, आणि ते फार चांगलं झालं होतं.

त्यानंतर तेहतीस वर्षं ही गोष्ट मी सांगत आलो. लग्न ठरताना सासऱ्यांना सांगितली. मुलीला झोपवताना तर कितीतरी वेळा. मी इन्शुरन्स कंपनीत क्लेम तपासतो. लोक कागदावर नेमकं कुठे खोटं बोलले हे शोधण्याचा मला पगार मिळतो, आणि मी त्यात बरा आहे.

आता ती गोष्ट सोमवारी वर्गात, मोठ्या पडद्यावर जाणार होती.

तिसरी स्लाइड भरण्यासाठी आम्ही पूर्व किनाऱ्यावरच्या खोर फक्कानला सुरमई पकडायला जात होतो. या देशात हरणावर बंदूक रोखली असती तर प्रोजेक्ट तुरुंगातून पाठवावा लागला असता, त्यामुळे मासा. आधीच्या महिन्यात आम्ही दोनदा जाऊन आलो होतो आणि दोन्ही वेळा हात हलवत परतलो होतो. ही तिसरी खेप, सुट्टीच्या गुरुवारी. मला मनापासून वाटत होतं की तिला मासा मिळावा. खरा, तिचा स्वतःचा. म्हणजे सोमवारी निदान एक स्लाइड तरी खरी असेल, आणि मग दुसरीकडे कोणी फारसं बघणार नाही.

निघायच्या आदल्या संध्याकाळी बायको म्हणाली, "तुला वार कळतो. तारीख कळते. महिना कळतो का?"

"डिसेंबर."

"मार्गशीर्ष. उद्या मार्गशीर्षातला गुरुवार आहे आणि मी घट मांडणार आहे. हा निघालाय मासे आणायला."

दोन आठवडे कॅलेंडरवर बोट ठेवून ठेवून मी ही तारीख काढली होती. ते कॅलेंडर बँकेने दिलेलं होतं. त्यात ईद होती, दिवाळी होती, ख्रिसमस होता. मार्गशीर्ष नव्हता.

"मग मिळाला तर काय करायचं?"

"घरात आणायचा नाही. डिकीत ठेवून खाली पार्किंगमध्येसुद्धा नाही. पार्किंग आपल्याच घराचं आहे." मग थोडं थांबून तिने पुढे जोडलं, "तसा तुमचा दोघांचा आत्तापर्यंतचा अनुभव बघता, देवीला काळजी नाही."

अल मनखूलमधल्या घरून दहा वाजता निघालो. शारजा मागे पडलं आणि वाळू संपून डोंगर सुरू झाले, तशी मुलीने वही काढली. तिला दुसऱ्या स्लाइडसाठी 'डिटेल्स' हवे होते.

"गोळी कुठे लागली?"

"खांद्यात."

"कुठल्या? तुझ्या बाजूच्या की आजोबांच्या?"

क्लेमच्या फाइलवर मी स्वतः हाच प्रश्न विचारला असता. "आठवत नाही," मी म्हणालो.

"लास्ट टाइम तू म्हणालास डावा."

"मग डावा."

"बाबा, तुझा गुडघा."

"काय झालं गुडघ्याला?"

"हलतोय. कधीचा."

मी पेट्रोलपंपावर थांबलो, कडक चहा घेतला. पुढच्या पंपावर पुन्हा थांबलो, पुन्हा घेतला. एका बोगद्यात शिरताना वाटलं, इथेच सांगून टाकावं. अंधार आहे, तोंड दिसणार नाही. पण बोगद्यात दिवे इतके लख्ख लावलेले की तिच्या वहीतलं अक्षर मला वाचता येत होतं. 'लेफ्ट शोल्डर', खाली दोन रेघा.

धक्क्यावर आमच्या मराठी फिशिंग ग्रुपचे ॲडमिन उभे होते. फोनवरच्या ग्रुपचा ॲडमिन असणं हे पद असू शकतं, हे मला त्यांच्याकडे पाहून कळलं. अंगात सहा खिशांचं जॅकेट, सहाही रिकामे. छातीवर बिल्ला. काखेत प्लास्टिकची फाइल आणि तिच्यात सोनेरी किनारीची छापील प्रमाणपत्रं: 'प्रथम मासा सन्मान'. नाव आणि वजन भरायला जागा सोडलेली, खाली दोन सह्या, एक ॲडमिनची, एक कॅप्टनची.

"आज बेटीचं सर्टिफिकेट पक्कं," ते म्हणाले. "इन्शाल्ला. पेन पण नवीन आणलंय."

कॅप्टन म्हणजे बोटीचा तांडेल, गुहागरकडचा, पन्नाशीचा माणूस, बावीस वर्षं याच किनाऱ्यावर. त्याला कॅप्टन म्हटलं की तो मागे वळून पाहायचा, आपल्या मागे कोणी उभं आहे का. बोटीवर आम्ही चौघंच होतो. कागदपत्रं दाखवून झाल्यावर निघालो. मागे कंटेनरच्या क्रेन लहान होत गेल्या आणि त्यांच्या मागचे तपकिरी डोंगर मात्र होते तेवढेच राहिले.

दीड तास काही झालं नाही. मुलीची रॉड मॉलमधून घेतलेली, रीळ जर्मन. तिचा दोरा तीनदा गुंतला. ॲडमिन मासेमारीतल्या संयमावर बोलत होते आणि दर दहा मिनिटांनी विचारत होते की परत कधी फिरायचं. मी बोटीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होतो. बोट तशी लहान होती, म्हणजे सात पावलं आणि वळण.

"साहेब, बसा," शेवटी तांडेल म्हणाला. "मासा पण वैतागला असेल."

मग त्याने मुलीच्या हातातली जर्मन रॉड काढून बाजूला ठेवली आणि आपली गरी तिच्या हातात दिली. गरी म्हणजे काय, तर एका फळीला गुंडाळलेली जाड दोरी, टोकाला गळ आणि आमिष. "बाय, ही अशी बोटावरनं सोड. वाजली की सांग."

"वाजली म्हणजे? साउंड येतो?"

"बोटात येतो."

पाचेक मिनिटं गेली असतील. एकदम तिचे दोन्ही हात बोटीच्या कडेला ओढले गेले, ती गुडघ्यावर आपटली आणि ओरडली, "बाबा!" मी धावलो, पण तांडेल आधी पोचला. तो तिच्या पुढ्यात बसला, कडेवर पाय रोवला आणि तिच्या हातांच्या पुढे दोरी पकडली.

"सोड, सोड, जाऊ दे त्याला... आता घे... परत सोड..."

ॲडमिन "यल्ला, यल्ला, खेच!" करत फोनवर शूटिंग करत होते. फोनमध्ये अंगठा आलेला होता हे नंतर कळलं. मी मुलीच्या पाठीमागे उभा होतो, त्यामुळे मला जे दिसलं ते त्या व्हिडिओत नाही. तांडेलाच्या मुठींपासून पाण्यापर्यंत दोरी तारेसारखी ताणलेली होती. त्याच्या मुठींपासून माझ्या मुलीच्या मुठींपर्यंत ती सैल होती. चांगली हातभर लोंबत होती. ती जीव खाऊन ओढत होती, आणि तिच्या हाताला येत होती ती त्याने आधीच ओढलेली दोरी.

मासा वर आला. लांब, चंदेरी, अंगावर पुसट पट्टे. सुरमईच. इथे तिला कनद म्हणतात. तांडेलाने तिला आत घेतलं, लाकडी दांडक्याचा एक ठोका डोक्यावर दिला आणि ती शांत झाली.

आणि मी काय केलं? दोन्ही हात वर केले आणि आख्ख्या समुद्राला ऐकू जाईल असं ओरडलो, "पोरीने काढला! माझ्या पोरीने काढला!"

आवाज माझाच होता. पण तो ऐकून माझ्याच अंगावर काटा आला. वडिलांचेच शब्द, फक्त पोराच्या जागी पोरगी आणि भेकराच्या जागी मासा.

मुलीने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा घामाने चमकत होता, आणि त्यावर आनंद नव्हता. फसवलं गेल्याचा भाव होता, आणि त्यात फसवणाऱ्याची कीवही होती.

"मी नाही काढला," ती म्हणाली. "माय साइड वॉज लूज."

"बेटा, टीमवर्क असतं ते," ॲडमिन प्रमाणपत्रावर नाव घालत म्हणाले.

"मग टीम लिहा, अंकल."

"टीमसाठी कॉलम नाहीये."

"मग कॅप्टन अंकलचं नाव लिहा."

"त्यांची सही आहे ना खाली! स्वतःच स्वतःला कसं सर्टिफिकेट देणार?" एवढ्यात त्यांनी वजनही भरलं होतं, पाच किलो. मासा कसाबसा चारचा असेल. मग त्यांनी कॅप्टनची सहीसुद्धा आपणच केली, कारण कॅप्टनचे हात ओले होते.

ती आपले तळवे पाहत बसली. दोरीचा एकही वळ उठला नव्हता. मी तिच्या बाजूला जाऊन बसलो, उठलो, पुन्हा बसलो.  मला तिला म्हणावंसं वाटत होतं, "काढलास तूच, लोक म्हणतात ना!" म्हणजे माझ्या वडिलांनी जे केलं तेच. आणि त्याचं काय होतं हे मला चांगलं माहीत होतं. लोक म्हणतात, आपण म्हणतो, आणि मग ते आयुष्यभर म्हणत राहावं लागतं.

धक्क्यावर उतरल्यावर मी तांडेलाला गुरुवारची अडचण सांगितली. तो इतका हसला की हातातली सुरी बाजूला ठेवावी लागली.

"वहिनींचं बरोबर आहे. आमची पण करते, तिकडे."

"आणि तुम्ही?"

"आठ जणांच्या खोलीत घट कुठे मांडू, साहेब?"

तेव्हा तिथेच वाटे घालायचं ठरलं. त्याने तुकड्या पाडल्या, ॲडमिनच्या, दुसऱ्या बोटीवरच्या दोघांच्या, बाकी त्याच्या खोलीतल्या आठ जणांच्या. आमचा वाटा नाहीच. उरलं डोकं. त्याने ते पाण्याने धुतलं आणि मुलीपुढे धरलं.

"हे तुझं, बाय. पहिली सुरमई."

तिला नियम माहीत होता. मीच तर सांगितला होता, झोपताना, कितीतरी वेळा. "मुंडी तुमची," ती मराठीत म्हणाली. तिचं मराठी जपून टाकलेल्या पावलांसारखं आहे. "ज्याने काढला त्याची."

"अगं, पोरांना देतात पहिली. घे. तुला नको तर बाबांना दे."

"बाबांना नको," ती म्हणाली. "बाबांची त्यांना मिळाली आहे."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तिच्या हिशेबी तो सरळ नियम होता: माझ्या बाबांनी कमावली, त्यांना मिळाली, यांनी कमावली, यांना मिळते. तांडेलाने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि डोकं आपल्या पिशवीत टाकलं. "कालवण करतो," तो म्हणाला, आणि मला तो खूश वाटला. बावीस वर्षांत त्याच्या हातून निघालेल्या माशांचे सन्मान कोणाकोणाला मिळाले असतील, हे त्यालाच ठाऊक.

गाडीत बसलो तेव्हा उन्हं डोंगरामागे गेली होती. गाडी सुरू केली, बंद केली.

"तुला एक सांगायचंय," मी म्हणालो. "ते भेकर मी नाही मारलं."

ती सीटबेल्ट लावत होती, ती थांबली. मी सगळं सांगितलं. मिटलेले डोळे, झाडाच्या शेंड्याकडे गेलेली नळी, खांद्यातली एकच गोळी. सांगायला दोन मिनिटं लागली. खोटी गोष्ट सांगायला वीस मिनिटं लागायची, त्यात रानाचं वर्णन होतं.

"म्हणजे आजोबांनी मारलं."

"हो."

"मग त्यांनी तुझं नाव का सांगितलं?"

"त्यांनाच विचार."

मी हे बोलण्याच्या ओघात म्हणालो होतो. पण तिने व्हिडिओ कॉल लावलासुद्धा. पडद्यावर पडवी आली, मग छताचा पत्रा, मग वडिलांचं कपाळ.

"गावलो काय गो मासो?" सत्त्याहत्तर वर्षांच्या माणसाचा आवाज इतका मोठा की फोनची गरज नव्हती.

"मिळाला. पण कॅप्टन अंकलने काढला. मी फक्त धरलं होतं. मुंडी त्यांना दिली."

 वडील म्हणाले, "बरोबर केलंस."

हे ऐकलं आणि मला राहवलं नाही. तेहतीस वर्षं मी ती मुंडी पचवायला बघत होतो आणि नातीला दोन शब्दांत पावती! मी फोन माझ्याकडे वळवला. "बरोबर ना? मग तेव्हा मला का दिलीत? गोळी तुमची होती. पोरान पाडल्यान म्हणून गावभर ओरडलात!"

"खंयची गोळी?"

"भेकराची."

"आवाज येवक नाय. नेटवर्क..."

"बाबा, नेटवर्क चांगलं आहे. मला मागे कोंबडी ऐकू येतेय."

पडद्यावर आता त्यांचा कान होता.  मी स्टिअरिंगवर बोटं वाजवत होतो.  मग त्यांनी फोन सरळ धरला आणि पहिल्यांदाच आख्खा चेहरा दिसला. रागावलेले नव्हते. कंटाळलेले होते, इतकी साधी गोष्ट अजून समजत नाही म्हणून.

"तुझे डोळे मिटलेले हुते मरे," ते म्हणाले. "तुका काय म्हायत, कोणाची गोळी लागली ती?"

"आणि तुम्हाला माहीत आहे?"

"धूर झालो हुतो," ते म्हणाले, आणि पाठीमागे कोणाला तरी दिवा लावायला सांगून त्यांनी फोन ठेवला.

 समोर धक्क्यावर तांडेल पाइपाने बोट धूत होता. ठासणीच्या बंदुकीचा धूर खरंच खूप होतो. दोन बंदुकांचा त्याहून जास्त. हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं, कारण मी डोळे उघडेपर्यंत तो विरला असणार. किंवा वडिलांनी हे आत्ता, कोंबडीकडे बघता बघता, रचलं असेल. क्लेमच्या फाइलवर मी अशा वेळी 'अधिक माहिती मागवावी' असा शेरा मारतो.

मुलीने मांडीवर लॅपटॉप उघडला. तिसऱ्या स्लाइडवर तिने सकाळी निघताना लिहून ठेवलेलं वाक्य खोडलं आणि नवं लिहिलं: मी दोरी धरली होती, मासा कॅप्टन अंकलनी काढला. प्रमाणपत्र तिने डॅशबोर्डवर ठेवलं होतं. त्याची सोनेरी किनार काचेत दिसत होती. मग ती दुसऱ्या स्लाइडवर आली, माझ्या आयकार्डावरच्या फोटोवर, आणि थांबली.

"इथे काय लिहू? तू मारलं की आजोबांनी?"

"माहीत नाही."

"काहीतरी लिहावं लागेल, बाबा. मंडेला आहे."

"डोळे मिटले होते, एवढं लिही," मी म्हणालो. "तेवढं नक्की आहे."

तिने ते लिहिलं. मग माझ्या हलणाऱ्या गुडघ्याकडे पाहिलं आणि त्यावर हात दाबून ठेवला. मी गाडी सुरू केली.